हिरवी वायर



निवृत्त माणूस बोलणार काय? घरच्या दुरुस्त्यांबद्दलच बोलतो. नळाचा वायसर, दाराची बिजागरी, मंद झालेल्या पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सगळं मी घरीच बदलतो. पण एक दुरुस्ती चुकली, ती सांगतो.

इस्त्रीची वायर पिनजवळ तुटली होती. नवी थ्री-पिन आणली. तपकिरी जोडली, निळी जोडली. हिरवी आखूड पडत होती. म्हटलं, तिच्यावाचूनही इस्त्री तापतेच की! कापून टाकली. चार महिने मिरवलं. मग पावसाळ्यात हिने ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून इस्त्रीला हात लावला आणि किंचाळून मागे पडली. आतली वायर सुटून पत्र्याला लागली होती. हात सुटला, एवढंच नशीब.

त्या रात्री कार्यानुभवाचा तास आठवला. तिसरी पिन जाड आणि लांब का, असं सरांनी विचारलं होतं. मी म्हणालो, ‘मजबुतीसाठी.’ वर्ग हसला. (हसणारे आज पुढच्याच रांगेत आहेत!) लांब असते म्हणून अर्थिंग आधी जोडलं जातं आणि शेवटी सुटतं, जाड असते म्हणून ती भलत्या भोकात शिरत नाही, हे सरांनी फळ्यावर काढून दाखवलं. परीक्षेत मी ते बरोबर लिहिलंही होतं.

सर, दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्या पिना उघडल्या. हीटरची आणि कूलरची तशीच निघाली, दोन्ही माझ्याच हातच्या. आता हिरवी वायर बाकी दोघींपेक्षा जरा लांबच ठेवतो, म्हणजे ओढ बसली तरी ती शेवटी निसटते.

हिने मात्र अजून इस्त्रीला हात लावलेला नाही. आजचा हा सदराही मीच इस्त्री केलाय.