माता जाणती, तर बालक सुरक्षित
(जवळा बाजार, जि. हिंगोली येथील भाषण)



मातेस प्रसूतीपूर्वी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्रहिताचे आहे, असे परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रतिपादन केले. १९२९ साली तो कायदा झाला. पण तो कारखान्यांतील स्त्रियांपुरताच. हळदीच्या शेतात रोजाने राबणाऱ्या भगिनीस ती विश्रांती आजही तिच्या घरानेच द्यावयाची आहे.

ज्ञानाचे सामर्थ्य पाहा. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ खेड्यांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकाची निगा शिकविली. तेथील नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली जगापुढे आले.

म्हणून, भगिनींनो, दिवस राहताच नाव नोंदवा. किमान चार वेळा तपासून घ्या. रक्तवाढीच्या गोळ्या चुकवू नका. बाळास तासाभरात अंगावर घ्या. चीक पिळून टाकू नका. रोगाशी झुंजण्याचे पहिले बळ त्यातच आहे. सहा महिने मध, गुटी, पाणी काहीही नको. बाळ दूध ओढीनासे झाले, अंग गार पडले, धाप लागली, तर अंगारे-धुपारे करीत बसू नका. १०८ क्रमांकाची गाडी बोलवा.

बंधूंनो, गरोदर स्त्रीने सर्वांमागून उरलेसुरले खावे, ही रीत मोडणे तुमच्या हाती आहे. समतेचा आरंभ आपल्या चुलीपासून करा.

जय भीम!