बुडालेल्या पैशाची ओढ



माणसे रोजच्या व्यवहारात अविवेकाने का वागतात, हा विषय आपल्या चिटणिसांनी आधी ठरविला आणि मग वक्ता म्हणून माझे नाव सुचविले. यातली सूचकता आमच्या घरच्या मंडळींच्या ताबडतोब ध्यानात आली. मी मात्र तो गौरव समजून होकार देऊन बसलो. विषय अफाट आहे. एका संध्याकाळी आवाक्यात येणारा नव्हे. तेव्हा त्याचा एकच कोपरा पाहू. जो पैसा गेला आणि काही केल्या परत येणार नाही, त्याच्यापायी माणूस हातातला पैसाही का घालवतो?

१९७२ च्या दुष्काळातली आमच्या घरची गोष्ट आहे. त्याच्या आदल्या वर्षी वडिलांनी, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, मळ्यात विहीर खणायला घेतली होती. पाणाड्याने नारळ हातावर धरून जागा दाखविली. चार परसांवर पाणी लागेल म्हणाला. (परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची, हे नव्या पिढीसाठी सांगतो.) चार परसांवर लागला तो काळा पाषाण. सुरुंग लावावे लागले. पाचव्या परसाला सोसायटीचे कर्ज संपले, सहाव्याला आईच्या पाटल्या गेल्या. दुष्काळ पडला तेव्हा आई सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागली, आणि तिची मजुरी सुरुंगाच्या दारूत जाऊ लागली. कोणी थांबा म्हटले की तात्यांचे उत्तर ठरलेले असे : "एवढे खणले, ते काय वाया घालवू?"

आता नीट पाहा. विहीर पुढे खणली काय आणि न खणली काय, पाटल्या परत येणार नव्हत्या. विचार करायचा तो एवढाच की येथून पुढे घातलेल्या रुपयाला पाणी लागण्याचा संभव किती. तात्या त्याऐवजी मागे किती घातला ते मोजत होते. आणि माणूस व्यवहारात कच्चा होता म्हणावे तर तसेही नाही! बैलबाजारात त्यांना फसविणारा दलाल अजून जन्माला यायचा होता.

याच विषयावर अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात एक मौजेचा प्रयोग झाला. आर्क्स आणि ब्लूमर या दोघा संशोधकांनी तो १९८५ साली प्रसिद्ध केला. हंगामाची तिकिटे घ्यायला आलेल्या पहिल्या साठ गिऱ्हाइकांपैकी काहींना तिकीट पंधरा डॉलरला दिले, काहींना तेरा आणि काहींना आठ. कोणाला कोणता दर, हे निव्वळ नशिबावर सोडले होते. नाटके तीच, खुर्च्या त्याच. पैसे तर सगळ्यांचेच देऊन झालेले. तरी हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण किंमत मोजणारे प्रेक्षक सवलतवाल्यांपेक्षा जास्त वेळा हजर राहिले. आपल्या या मालेला तिकीट नाही, ही गोष्ट माझ्या दृष्टीने फारशी शुभ नव्हे. पाच रुपये घेतले असते तर मागच्या रांगेतली मंडळी शेवटपर्यंत बसली असती.

असे का व्हावे? डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन इस्रायली मानसशास्त्रज्ञांचा १९७९ चा एक निबंध यावर प्रकाश टाकतो. कानेमन यांना पुढे २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ट्वर्स्की तोवर हयात नव्हते. त्यांनी लोकांपुढे एक काल्पनिक पेच ठेवला. तीन हजार पौंड खात्रीने घेता, की चार हजारांसाठी नशीब अजमावता? चार हजार मिळण्याची शक्यता शंभरात ऐंशी. शेकडा ८० लोकांनी खात्रीचे तीन हजार पत्करले. मग पेच उलटा केला : तीन हजार खात्रीने गमावता, की चार हजार गमावण्याचा धोका पत्करता, ज्यात सुटून जाण्याची शक्यता शंभरात वीस? आता शेकडा ९२ लोक धोक्याकडे वळले. सरासरीचा हिशेब केला तर या जुगारात बत्तीसशेचा खड्डा आहे, म्हणजे खात्रीच्या नुकसानीपेक्षा मोठा. तरीही!

मिळवताना सावध असणारा माणूस गमावताना जुगारी होतो, असा याचा अर्थ. आपल्याला हे नवे नाही. द्यूतसभेत धर्मराज आठवा. धन गेले, राज्य गेले, मग एकेक भाऊ, मग स्वतः आणि शेवटी द्रौपदी. ज्याला सारे जग धर्माचा जाणकार म्हणे, तो हरू लागल्यावर उठू शकला नाही. उठणे म्हणजे हरलो असे कबूल करणे. फासे हातात आहेत तोवर हिशेब मिटलेला नसतो.

तुम्ही म्हणाल, सातव्या परसाला पाणी लागले असते तर? लागलेही असते. म्हणून तर हे अवघड. चिकाटी आणि हट्ट बाहेरून सारखेच दिसतात, आणि पाणी लागलेल्याला कोणी अविवेकी म्हणत नाही.

एकदा मामा आले होते. त्यांनी विचारले, "दाजी, ही विहीर दुसऱ्याची असती, आणि आज त्याने तुमचा सल्ला मागितला असता, तर काय सांगितले असते?" तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "थांब, म्हटले असते." आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पहार घेऊन विहिरीत उतरले. समजणे आणि थांबणे यांत किती अंतर असते, ते मी त्या सकाळी काठावर उभा राहून पाहिले. म्हणून शिक्षणाने ही खोड जाईल असे कोणी म्हटले, की माझा चटकन विश्वास बसत नाही.

थांबवले ते आईने. तिने वाद घातला नाही. एका रात्री भाकरी वाढताना म्हणाली, "पावसाचे पाणी साठवायला एवढे खोल पुरे आहे." बस्स, इतकेच. पहिल्यांदाच कोणी त्या खड्ड्याला फुकट गेला असे न म्हणता थांबण्याची वाट दाखविली होती. चार दिवसांनी तात्यांनी गडी बंद केले.

पुढच्या पावसाळ्यात ते भरले आणि दिवाळीपर्यंत पुरले. घरात त्याला नंतर कोणी विहीर म्हटले नाही, टाकेच म्हणत. तात्यांच्या जमाखर्चाच्या वह्या माझ्याकडे आहेत. प्रत्येक पानाखाली त्यांच्या वळणदार अक्षरात बेरीज आहे. विहिरीच्या खर्चाची तीन पाने आहेत, पैन् पै मांडलेली. त्यांच्याखालची जागा कोरी आहे.