पुडे सारखे, उरलेली पानं वेगळी: बिटकॉइन मिक्सिंग आणि लाइटनिंग

आजची गोष्ट तेंदूच्या फळीवरून सुरू करू.

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या श्रोत्यांना फळी सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. उन्हाळ्यात लोक जंगलातून तेंदूची पानं तोडून आणतात, ७० पानांचा एक पुडा बांधतात आणि फळीवर रांगेनं मांडतात. सगळे पुडे एकत्र आले, की नुसतं बघून कुठला कुणाचा ते ओळखू येत नाही. का? तर सगळे सारखे.

बिटकॉइनला असली फळी कशाला हवी? कारण त्याची वही जगापुढे उघडी आहे. नावं नसतात, पण व्यवहार सगळे असतात. तुम्ही मला एकदा पैसे दिले, की ते कुठून आले आणि तुमच्याकडे किती उरले, याचा माग मी काढू शकतो. ग्रामसभेचा हिशेब गावापुढे उघडा हवाच. पण तुमच्या घरातल्या डब्यातले पैसे सगळ्या बाजारानं का मोजावेत?

२०१३ मध्ये ग्रेगरी मॅक्सवेल यांनी कॉइनजॉइन मांडलं. अनेक जण मिळून एकच व्यवहार करतात आणि प्रत्येकाला सारख्या रकमेचं नाणं मिळतं. म्हणजे फळीच.

आता गोची बघा. तुम्ही ८३ पानं आणली. ७० चा पुडा फळीवर गेला, १३ हातात राहिली. ती तुमचीच, हे सगळ्यांना दिसतं. मिक्सिंगमधली ही उरलेली मोड. ती आणि मिसळलेलं नाणं पुढे एकाच व्यवहारात खर्च केलं, की सगळी मेहनत पाण्यात.

इथे लाइटनिंग कामी येतं. दोघं जण संयुक्त पत्त्यावर पैसे अडकवून चॅनेल उघडतात. पुढची देवघेव दोघांच्या सह्यांनी आपसात चालते, किराणा दुकानातल्या वहीसारखी. फरक एवढाच, की इथे जुना हिशेब पुढे करणारा वेळेत पकडला गेला, तर त्याची रक्कम समोरच्याला मिळते. जगाच्या वहीत दिसतं ते फक्त चॅनेलचं उघडणं आणि बंद होणं.

म्हणून मिसळलेल्या नाण्यानं एक चॅनेल उघडायचं, मोडीचं दुसरं. पुढचा खर्च वहीत उमटत नाही आणि दोन्हींची गाठ पडत नाही.

पण सांभाळा. दोन्ही चॅनेल एकाच नोडवरून जाहीर केली, तर गाठ तुम्हीच बांधली. चॅनेल बंद झाल्यावर दोन्हीकडचे पैसे एकत्र केले, तरी तेच. शिवाय समोरच्या नोडला तुमचं चॅनेल माहीत असतंच.

आणि खासगीपणा म्हणजे करचुकवेगिरी नव्हे. आपल्याकडे २०२२ पासून यातल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू आहे. एप्रिल २०२४ मध्ये सामुराई या मिक्सिंग वॉलेटच्या संस्थापकांना अमेरिकेतल्या खटल्यात अटक झाली. तेव्हा स्वतःचा हिशेब स्वतःकडे चोख ठेवा. तो कुणाला दाखवायचा, हे मात्र तुमच्या हातात असू द्या.

भेटू पुढच्या भागात.