बौद्धिक अपंगांचा निर्णयाधिकार

(अंबड, नाशिक येथे पक्षकार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



राज्यघटनेत 1976 साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने 43-अ हे कलम आले. उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा यासाठी शासनाने पावले उचलावीत, असे ते सांगते. समाजवादी चळवळीने ही मागणी लावून धरली तेव्हा तिच्यामागचा विचार साधा होता : ज्या निर्णयाचे परिणाम ज्याला भोगावे लागतात, त्याचा त्या निर्णयात वाटा असला पाहिजे. मालकवर्गाचे उत्तरही ठरलेले होते. कामगाराला ताळेबंद कळत नाही, बाजार कळत नाही. तेव्हा त्याचे हित कशात आहे हे आम्ही ठरवणेच त्याच्या भल्याचे. अंबड आणि सातपूरच्या वसाहतींत हे उत्तर ऐकून कामगार घरी परततो. त्याच्या घरी पंचविशीतला बौद्धिकदृष्ट्या अपंग मुलगा असेल, तर त्याच्या बाबतीत नेमके तेच उत्तर तो स्वतः देतो : ‘त्याला काय कळतंय? आम्ही आहोत ना त्याचं बघायला.’

या वाक्यात माया आहे, यात शंका नाही. त्या मायेपोटी आईबापांनी आयुष्ये झिजवली आहेत. परंतु मायेने घेतलेला अधिकार हाही अधिकारच असतो, आणि त्याची तपासणी टाळता येत नाही.

प्रथम शब्दांविषयी. 2011 च्या जनगणनेत मतिमंद या सदरात देशभर सुमारे 15 लाख व्यक्तींची नोंद झाली. प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असावी, कारण घरातल्या अशा मुलाविषयी प्रगणकाला सांगायला अनेक कुटुंबे कचरतात. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मतिमंद हा शब्द टाकून बौद्धिक अक्षमता असा शब्द घेतला. मानसिक आजार ही निराळी गोष्ट. वाचन, लेखन वा गणितापुरती अडणारी अध्ययन-अक्षमता ही तिसरी. कचेऱ्यांतून या तिन्हींची सरमिसळ होते आणि तिची किंमत त्या त्या माणसाला मोजावी लागते.

कोणी विचारलेच नाही म्हणजे काय होते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण 1994 सालचे आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत, शिरूर येथील मतिमंद मुलींच्या शासकीय संस्थेतील काही मुलींची व स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. कारण आजाराचे नव्हते. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण होते. अत्याचारातून गर्भ राहण्याची भीतीही सांगितली गेली. समर्थकांत प्रतिष्ठित डॉक्टर होते आणि त्यांच्या हेतूविषयी संशय घेण्याचे कारण नाही. स्त्री-संघटना व आरोग्य-चळवळीतील कार्यकर्ते रस्त्यावर उतरले, तेव्हा उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या.

या घटनेचा हिशेब अर्थशास्त्राच्या अंगानेही मांडून पाहावा. पाळीचे दिवस सांभाळायला पाणी लागते, कापड लागते, न्हाणीघरे लागतात आणि शिकवायला, मदत करायला पुरेशा सेविका लागतात. हा दरमहाचा, कधीही न संपणारा खर्च आहे. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच होतो. शासनाने सेविका नेमण्याचे टाळले आणि जी बचत झाली, ती त्या मुलींच्या देहातून वसूल केली. अत्याचाराच्या भीतीची गोष्ट तर याहून विचित्र. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही. त्याचा पुरावा तेवढा नाहीसा होतो. पाळी म्हणजे काय हे चित्रांनी, बाहुलीने, हातात कापड देऊन समजावता येते आणि अनेक मुली ते शिकतात, हे विशेष शाळांतील शिक्षिकांना ठाऊक आहे. समजावण्याचे ते कष्ट न घेताच ‘यांना समजत नाही’ असा निष्कर्ष काढला गेला.

पंधरा वर्षांनी, 2009 साली, सर्वोच्च न्यायालयापुढे चंडीगढचे प्रकरण आले. शासकीय संस्थेत राहणाऱ्या एका बौद्धिकदृष्ट्या अपंग तरुणीवर अत्याचार होऊन तिला दिवस राहिले होते. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता. तिला मूल हवे होते. तिची संमती नसताना गर्भपात करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. गर्भपाताच्या कायद्यात मानसिक आजार असलेल्या स्त्रीच्या वतीने पालकाने संमती देण्याची सोय आहे. ती सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ स्त्रीला लावता येत नाही, हा त्यातला कायदेशीर मुद्दा. वर ज्या सरमिसळीचा उल्लेख केला, ती न झाल्यामुळे इथे एका स्त्रीचा शब्द टिकला. 2016 च्या कायद्याच्या दहाव्या कलमाने तर कोणत्याही अपंग व्यक्तीवर वंध्यत्व आणणारा उपचार तिच्या मुक्त व समजून दिलेल्या संमतीवाचून करण्यास मनाई केली. गर्भपाताच्या बाबतीत मात्र त्याच कायद्याच्या 92व्या कलमात तीव्र अपंगत्व असेल तर पालकाच्या संमतीचा अपवाद ठेवला आहे. ही फट लहान नाही.

कायद्याचा इतिहास पाहिला तर एक गंमत दिसते. माणूस एक तर शहाणा किंवा वेडा, आणि वेडा ठरला की सगळ्याच गोष्टींना नालायक, असे जुने कायदे मानीत असतील अशी सर्वसाधारण समजूत आहे. 1872 चा करार कायदा तसे म्हणत नाही. करार करतेवेळी तो करार समजण्याची आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल हे ठरवण्याची पात्रता त्या माणसात आहे काय, एवढेच तो विचारतो. त्याच वर्षीच्या पुराव्याच्या कायद्यानेही विचारलेले प्रश्न समजून उत्तरे देता येतात की नाही, हीच साक्षीदाराची कसोटी ठरवली होती. म्हणजे प्रश्न विशिष्ट निर्णयाचा होता, सबंध माणसाचा नव्हता. सबंध माणूस बाद करण्याचे काम कायद्याच्या अक्षरापेक्षा कचेरीतल्या आणि घरातल्या सवयीने अधिक केले.

संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार 2006 साली झाला आणि भारताने 2007 साली तो मान्य केला. त्याचे बारावे कलम कायद्यापुढे सर्वांची पात्रता समान मानते आणि ती वापरण्यासाठी लागणारे साहाय्य पुरवण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. पेरूसारख्या देशाने 2018 साली प्रौढ अपंगांवरील पालकत्वाची जुनी व्यवस्थाच मोडीत काढली. आपल्याकडे 2016 च्या कायद्याच्या चौदाव्या कलमात मर्यादित पालकत्व आले : पालकाने अपंग व्यक्तीशी विचारविनिमय करून, परस्परविश्वासाने, दोघांचा मिळून निर्णय घ्यावयाचा, तोही ठरावीक बाबीत आणि ठरावीक काळापुरता. पण 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदाही चालूच आहे, आणि बौद्धिक अपंगांचे बहुतेक पालकत्व-अर्ज त्याखालीच जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातात.

आता सिडकोतले एखादे कामगार-कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. वडील अंबडच्या कारखान्यातून निवृत्तीला आलेले. थोरला भाऊ वेगळा राहतो. धाकटा तिशीचा, त्याला अक्षरे येत नाहीत, पण गल्लीतली सर्व माणसे, कोणाची पाळी दिवसाची आणि कोणाची रात्रीची, हे त्याला तोंडपाठ. ‘आमच्या मागे याचे काय?’ या प्रश्नाने आईची झोप उडालेली. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, 1995 अन्वये सभासदाच्या मृत्यूनंतर कायमच्या व पूर्ण अपंग अपत्याला वयाची अट न लावता निवृत्तिवेतन मिळते. ते मिळवायचे तर बँका आणि कचेऱ्या बहुधा पालकत्वाचा दाखला मागतात. म्हणून अर्ज होतो. हेतू एका बँकखात्यापुरता असतो. दाखला हाती आला की त्याचा अर्थ मात्र घरात आपोआप रुंदावतो. धाकट्याने कुठे राहायचे, काय ल्यायचे, कामाला जायचे की नाही, इतकेच काय, आई गेल्यावर तिच्या अंत्ययात्रेला त्याला न्यायचे की नाही, हे सर्व आता दाखलाधारकाने ठरवायचे.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती विसरणारा माणूस भाबडा म्हटला पाहिजे. वडिलार्जित घरावरच्या हक्कसोड-पत्रावर अशा भावाचा अंगठा घेणारे भाऊ महाराष्ट्रात काही कमी नाहीत. त्याने ‘हो’ म्हटले, मग त्याची इच्छा मानायला नको काय, असा युक्तिवाद उद्या तेच करतील. तेव्हा संमती म्हणजे मान डोलावणे नव्हे. घर म्हणजे आपण झोपतो ती जागा, आणि सही केल्यावर दादा त्यातून जायला सांगू शकेल, हे त्याला त्याच्या भाषेत, पुन्हा पुन्हा, लाभार्थी नसलेल्या माणसाने सांगितले पाहिजे, आणि त्यानंतरचे त्याचे उत्तर धरले पाहिजे. संरक्षण आणि सहभाग यांचे वैर नाही; एकाच माणसाच्या हाती दोन्ही सोपवली की घात होतो.

ज्याला बोलताच येत नाही, त्याचे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण ताट सरकवणे, एका सेविकेकडे झेपावणे आणि दुसरीपासून अंग चोरणे, संस्थेच्या दारात पाय रोवून उभे राहणे, ही उत्तरेच आहेत. नकार हा तर फार स्पष्ट निर्णय असतो. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 2014 साली या कराराचा अर्थ लावताना हेच सांगितले : बाहेरच्याने ठरवलेले ‘हित’ ही कसोटी नव्हे, त्या व्यक्तीची इच्छा व आवडनिवड यांचा जास्तीत जास्त प्रामाणिक अंदाज ही कसोटी. गर्भश्रीमंताने मूर्खपणाचे व्यवहार करून वडिलांची इस्टेट उधळली, तर त्याला कोणी पालक नेमीत नाही. चुकण्याचा अधिकारही आपल्या समाजात मालमत्तेच्या प्रमाणात वाटला गेला आहे.

कामाच्या जागी हा प्रश्न अधिक उघड होतो. नाशकात रजनी लिमये यांनी 1977 साली प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले आणि शाळेचे वय उलटलेल्यांसाठी पुढे संरक्षित कार्यशाळाही उभी राहिली. शासनाने हात झटकले त्या काळात अशा संस्थांनी केलेले काम मोठे आहे. परंतु देशातील संरक्षित कार्यशाळांच्या व्यवस्थेकडे पाहिले तर तिथे काम करणाऱ्याला बहुधा कामगार न म्हणता लाभार्थी म्हटले जाते, आणि मोबदल्याला वेतन न म्हणता विद्यावेतन. 1948 च्या किमान वेतन कायद्यातच 26व्या कलमाने अपंग कामगारांच्या वेतनाला तो कायदा लागू न करण्याची मुभा सरकारला दिलेली होती. कामगार संघटनांनी त्या कलमाविरुद्ध कधी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही. पणत्या करायच्या की पाकिटे, दुपारची सुट्टी केव्हा, विक्रीतून आलेल्या पैशातून सहल की वाटप, हे ठरवताना तिथे काम करणाऱ्यांचे दोन प्रतिनिधी बैठकीत का नसावेत? स्वीडनमध्ये 1960 च्या दशकात अशा व्यक्तींच्या स्वतःच्या बैठका भरू लागल्या होत्या. पहिली बैठक लांबते, विषय भरकटतात. कामगार संघटनांच्या बैठकांची गोष्ट काही निराळी नसते!

मतदानाविषयी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार सक्षम न्यायालयाने विकल मनाचा असल्याचे जाहीर केल्याशिवाय या कारणावरून कोणाचेही नाव मतदारयादीतून वगळता येत नाही. डॉक्टरचा दाखला पुरत नाही, पालकत्वाचा दाखलाही पुरत नाही. तरीही यादी घेऊन दारोदार फिरणारा कार्यकर्ता घरातल्या अशा प्रौढाशी बोलत नाही; वडिलांशी बोलून पुढच्या दाराकडे वळतो.

अंबडच्या शाखेला हाती घेण्याजोगे काम कागदावर आधीच लिहिलेले आहे. 1999 च्या कायद्याचे चौदावे कलम स्थानिक समितीला दोन गोष्टी तपासायला सांगते : या व्यक्तीला पालकाची गरज आहे काय, आणि असल्यास कोणत्या कामासाठी. सोळावे कलम नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायला लावते. कुटुंबाला अर्ज लिहायला मदत करणारे कार्यकर्ते शाखेत आहेतच. त्यांनी ‘कोणत्या कामासाठी’ या प्रश्नापुढे ‘सर्व’ असे न लिहिता ‘निवृत्तिवेतनाचे खाते चालवणे’ असे लिहावे. ज्याच्याविषयी अर्ज आहे त्याला शेजारी बसवून, खात्यात पैसे कोणाचे येणार हे सांगून, ते कोणी काढलेले त्याला चालतील हे विचारून लिहावे. तो कदाचित थोरल्या भावाचे नाव घेणार नाही, शेजारच्या मावशींचे घेईल. तसे झाले तर अर्ज त्या दिवशी पुरा होणार नाही, आणि कार्यकर्त्याला पुन्हा एक फेरी मारावी लागेल.