धोत्र्याचे तेल आणि तळणीचे तेल

१९९८च्या पावसाळ्यात दिल्लीत मोहरीच्या तेलात मिसळलेले पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल लोकांच्या पोटात गेले. पाय सुजले, धाप लागू लागली. हजारो माणसे आजारी पडली आणि कित्येक दगावली. सरकारने मोहरीच्या सुट्या तेलाची विक्री थांबवली, नमुने तपासले, खटले भरले. धोत्र्याच्या या विषावर देशात ज्या प्रयोगशाळांनी पायाभूत काम केले, त्यांत लखनौची विषविज्ञान संशोधन संस्था आघाडीवर होती. त्या दिवसांत ग्राहकाने जिभेवर ताबा ठेवायला हवा होता, असे कोणी म्हटले नाही. तेलात विष आहे की नाही हे पाहणे राज्याचे काम आहे, हे सर्वांनी गृहीत धरले होते.

लठ्ठपणाच्या बाबतीत मात्र हेच गृहीत उलटे होते. हानी चार दिवसांत दिसली तर ती सार्वजनिक आणि वीस वर्षांनी दिसली तर ती खासगी, अशी वाटणी कायद्याने नव्हे, सवयीने केलेली आहे. राज्यघटनेच्या ४७व्या कलमात लोकांचे पोषणमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य सांगितले आहे. जलद अपाय आणि संथ अपाय असा भेद त्या कलमात नाही. पोषणमान म्हणजे केवळ पोट भरणे, हा अर्थ दुष्काळाच्या आठवणीतून आला. तो त्या काळी खरा होता. आज अपुरा आहे.

अपुरा कसा, हे उत्तर प्रदेशाच्या आकड्यांत दिसते. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) या राज्यातील १५ ते ४९ वयाच्या १६.५ टक्के स्त्रिया आणि १२.५ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ होते. पाचव्या पाहणीत (२०१९-२१) ही प्रमाणे २१.३ आणि १८.५ टक्क्यांवर गेली. त्याच पाहणीत राज्यातील पाच वर्षांखालील ३९.७ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. खुजे मूल आणि लठ्ठ आई एकाच घरात, एकाच चुलीवरचे खातात. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक अभ्यासात उत्तर प्रदेशातील मधुमेहाचे प्रमाण ४.८ टक्के, म्हणजे देशात सर्वांत कमी निघाले. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले १८ टक्के होते. पहिल्या आकड्यावर समाधान मानणारे प्रशासन दुसऱ्या आकड्यापर्यंत पोहोचत नाही, आणि काळजीचा आकडा दुसराच आहे.

एकाच घरात असे का घडते, याचे सर्वांत खोल उत्तर पुण्याजवळच्या खेड्यांतून आले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये तेथील स्त्रियांचा गरोदरपणापूर्वीपासून अभ्यास सुरू केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू, पोटातले अवयव, सगळेच लहान. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी झालेली नाही. दिसायला किडकिडीत, आतून स्थूल. २००४मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांनी आपलीच मोजमापे शेजारीशेजारी छापली. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३ होता. युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा २५ऐवजी २३वर आणि लठ्ठपणाची २५वर आणण्यामागे अशीच निरीक्षणे आहेत.

या शोधाचा सामाजिक अर्थ वैद्यकीय अर्थाइतकाच मोठा आहे. ज्या बाळाने अजून एक घासही खाल्लेला नाही, त्याच्या चरबीला त्याची हाव कारणीभूत असू शकत नाही. आईच्या ताटात काय होते, तिला गरोदरपणात किती ओझी वाहावी लागली, हे प्रश्न बाळाच्या जन्माआधीचे आहेत. मराठीत ‘बाळसे धरणे’ हे आरोग्याचे लक्षण आणि ‘खात्यापित्या घरचा’ हे कौतुक. उपाशी समाजाने घडवलेले हे शब्द आहेत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण वजनकाट्याची जागा ते घेऊ शकत नाहीत.

लखनौच्या बाबतीत आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. चौकातली निहारी-कुलचा, अमीनाबादचे कबाब, केशराचे शीरमाल, थंडीच्या पहाटे विकले जाणारे मलईमाखन, यांच्यावर ठपका ठेवणे सोपे आहे आणि बहुतांशी अन्यायाचे आहे. २०२५मध्ये युनेस्कोने या शहराला खाद्यसंस्कृतीची सर्जनशील नगरी म्हणून मान दिला, तो याच पाककलेला. मलईमाखन ऋतूचे असते, शीरमाल प्रसंगाचा. रोजचे झाले आहेत ते बिस्किटांचे पुडे, नमकीनची पाकिटे, गोड पेये, आणि एकाच कढईत सकाळपासून रात्रीपर्यंत उकळणारे तेल. मुंबईच्या वडापावच्या गाडीवरची कढई आणि लखनौच्या समोशाच्या दुकानातली कढई यांत या बाबतीत फरक नाही.

या कढईसाठी नियम आहे. तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात ध्रुवीय संयुगे साठतात. ती २५ टक्क्यांपुढे गेली की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही, असे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८पासून ठरवले. टपरीवाल्याला मात्र हे मोजायचे साधन परवडत नाही आणि उरलेले तेल फेकून देणेही. नगरपालिकेने ते तेल योग्य भावात विकत घेऊन जैवइंधनासाठी पाठवण्याची सोय केली, तरच नियम कढईपर्यंत पोहोचतो. नुसता दंड केला तर तेल काळोखात जाते.

उद्योगाकडे नियम वळवला की काय होते, याचे उदाहरण वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाचे आहे. २०११ साली त्याची मर्यादा १० टक्के होती. पुढे ती ५, जानेवारी २०२१पासून ३ आणि जानेवारी २०२२पासून २ टक्के झाली. कोणत्याही गृहिणीला त्यासाठी निश्चय करावा लागला नाही. अपायकारक मेद तिच्या डब्यात येण्याआधीच कमी झाला. सार्वजनिक जबाबदारीचे याहून स्वच्छ रूप भारतीय आहारधोरणात शोधून सापडणे कठीण.

शाळांच्या बाबतीत शब्द कडक आहेत. महाराष्ट्राने मे २०१७मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जास्त मीठ, साखर आणि मेदाचे पदार्थ विकण्यास मनाई केली. २०२०च्या केंद्रीय नियमांनी हे बंधन शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत नेले. पण एकावन्नाव्या मीटरवर पाच रुपयांचे पाकीट उभेच असते. करव्यवस्था तर दोन दिशांना चालते. २२ सप्टेंबर २०२५पासून साखरेच्या फसफसत्या पेयांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे, आणि त्याच दिवशी बिस्किटे, चॉकलेट, नमकीन, आइस्क्रीम, शेवयांची झटपट पाकिटे ५ टक्क्यांवर आली. घरखर्चाला दिलासा, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु दिलासा डाळी, फळे आणि अंडी स्वस्त करून देता येतो. केरळने २०१६मध्ये ब्रँडेड उपाहारगृहांतील बर्गर-पिझ्झांवर १४.५ टक्के कर लावला होता. तो वर्षभरात नव्या करपद्धतीत विरून गेला आणि त्याचा परिणाम मोजण्याइतका अवधीच मिळाला नाही.

पाकिटावरच्या सूचनेचा प्रश्नही असाच लांबला आहे. चिलीने २०१६मध्ये जास्त साखरेच्या, मिठाच्या, मेदाच्या पदार्थांवर काळे अष्टकोन छापायला लावले. न वाचता येणाऱ्यालाही ते कळतात. भारतात २०२२च्या मसुद्याने अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंतची श्रेणी सुचवली. तारा हे शाबासकीचे चिन्ह आहे. धोक्याची सूचना शाबासकीच्या भाषेत देता येत नाही.

आरोग्ययंत्रणेकडे मोजपट्टी आधीच आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी आशा कार्यकर्ती एक तपासणी-नमुना भरते. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, आठवड्यातील व्यायाम आणि घरातील आजार या सहा प्रश्नांना गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की माणसाला प्राधान्याने पुढच्या तपासणीला पाठवतात. स्त्रीची कंबर ८० सेंटिमीटरपुढे आणि पुरुषाची ९०पुढे गेली की गुण चढू लागतात. त्या माणसाच्या ताटात काय असते, हा प्रश्न मात्र त्या सहांत नाही.