श्यामच्या आईचा हिशेब

(पारगाव, ता. आंबेगाव येथे कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)



साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी काढलेला चित्रपट १९५३ साली पडद्यावर आला. १९५४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रथमच देण्यात आले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला लाभले. तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या तो पाहत आल्या आणि डोळे पुसत आल्या. या अश्रूंची थट्टा करण्याचे काही कारण नाही. परंतु डोळ्यांत पाणी असले की समोरचे नीट दिसत नाही, हेही तितकेच खरे. आई म्हणजे निमूट सोसणे, अशी जी प्रतिमा या कथेच्या नावावर रूढ झाली आहे, ती श्यामच्या आईवर अन्याय करणारी आहे. ती सोसत होती, तशीच ती हिशेबही करीत होती. आणि घरातल्या सर्वांत तिचाच हिशेब बरोबर होता.

प्रथम चित्रपटाविषयी. अत्रे हे सभा गाजवणारे, विनोदाचे आणि घणाघाती लेखणीचे धनी. अशा माणसाने इतका संयत चित्रपट काढावा, याचे आजही नवल वाटते. वनमालाबाईंची आई बोलते थोडे. तिचा धाक, तिची माया आणि तिचा थकवा चेहऱ्यावरूनच कळतो. माधव वझे यांचा श्याम हा शहाण्या मुलाचा पुतळा नाही. तो हट्टी आहे, भित्रा आहे, लपून बसतो, मार खातो. पोहायला घाबरणाऱ्या या मुलाला आई फोकाने झोडपून विहिरीवर धाडते, आणि अंघोळीनंतर त्याच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून स्वतःचा पदरही पसरते. ती एकच बाई आहे, हे पटवून देण्यातच या चित्रपटाचे यश आहे. वसंत देसाई यांच्या संगीताने त्याला घरोघर नेले.

मूळ पुस्तक गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिले. ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो, अशी त्याची बेचाळीस रात्रींची रचना आहे. सुरुवातीच्या रात्री फुलांच्या, गाईच्या, पत्रावळीच्या आहेत. पुढे कथेवर हळूहळू एक सावली पडू लागते, आणि ती कर्जाची आहे. श्यामचे बालपण वयाने संपत नाही, सावकाराच्या तगाद्याने संपते. तो मोठा होतो तो घरातल्या मोठ्या माणसांची असहायता उघड्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे.

या कर्जाकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. घर कोकणातल्या खोतांचे. ऐपत ओसरलेली, पण प्रतिष्ठेची सवय न सुटलेली. व्याजाचे व्याज चढत जाते. आई पतीला सांगते की थोडी जमीन विकावी आणि ऋणातून मोकळे व्हावे. आज कोणत्याही बँकेचा अधिकारी हाच सल्ला देईल: मालमत्तेला किंमत आहे तोवर तिचा काही भाग काढून कर्ज बुडापासून फेडावे, नाहीतर व्याज सगळीच जमीन गिळते. पण वडिलोपार्जित जमिनीचा मोह आणि बायकांनी चुलीपुरते पाहावे ही समजूत, या दोहोंपुढे तिचे चालले नाही. पुढे जे व्हायचे ते झाले. वसुलीला आलेला माणूस ओटीवर बसून अभद्र बोलला, तेव्हा त्याला खडसावायला बाहेर आली ती हीच बाई. जप्तीची दवंडी तिने ऐकली, आणि तिच्या शेवटच्या दुखण्यात घरात पैसा नव्हता. निर्णय तिचा नव्हता. निर्णयाची किंमत मात्र तिने मोजली.

हे सारे दैवाने घडले, असे समजण्याचे कारण नाही. त्याच मुंबई इलाख्यात, याच पुणे जिल्ह्यात, १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला व कर्जरोखे जाळले. त्यातून १८७९ चा डेक्कन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला, आणि रोख्यावरचा आकडा न मानता मूळ व्यवहाराचा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. कायदा अपुरा होता, पण कर्ज ही माणसांनी केलेली व्यवस्था आहे आणि माणसे ती बदलू शकतात, एवढे त्याने सिद्ध केले. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. खोताच्या घरची ही कथा आहे. खोतांच्या कुळांची कथा तिच्या मध्यभागी नाही. त्या कुळांसाठी डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, आणि खोती कायद्याने जाण्यास पुढे आणखी एक तप लागले.

मग या चित्रपटात कार्यकर्त्याने काय पाहावे? अपमानाचे पुढे काय करायचे, हे श्याम कसा शिकतो ते पाहावे. अपमानित माणूस पुष्कळदा आपल्यापेक्षा दुबळ्याचा अपमान करून मोकळा होतो. श्यामच्या आईने मुलाला ही वाट घेऊ दिली नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या म्हातारीची मोळी उचलून द्यायला ती त्याला पाठवते. त्याच मुलाने पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. घरातल्या शिकवणीचे सार्वजनिक कृतीत रूपांतर झाले, हे या कथेचे खरे फलित. अत्र्यांनीही 'श्यामची आई'नंतर लगेच १९५४ मध्ये 'महात्मा फुले' हा चित्रपट काढला, हे या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पारगावच्या शिवारात आज ऊस उभा आहे, साखर कारखाना आहे, सोसायट्या आहेत. पळसगडच्या नव्हे, पालगडच्या त्या घरासारखा एकटा सावकार येथे सर्वाधिकारी राहिलेला नाही. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्ये केला, देशाने २००५ मध्ये. तरीही सातबाऱ्यावर बाईचे नाव चढवताना घराघरांत खळखळ होते, आणि बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले जाते. उलट गटाचे कर्ज मात्र बाईच्या नावावर निघते. पैसा कशाला लागला हे तिला विचारले जात नाही, हप्त्याच्या दिवशी वसुलीदारापुढे उभे राहावे लागते ते तिलाच. श्यामची आई अजून ओटीवर उभी आहे.

म्हणून हा चित्रपट गावोगाव अवश्य दाखवावा. दिवे लागल्यावर जमलेल्यांना उठू देऊ नये. तुमच्या घरात कर्ज काढायचे, जमीन ठेवायची की विकायची, हे ठरवताना आईला विचारतात काय, हा प्रश्न आधी पुरुषांना विचारावा, आणि त्याचे उत्तर बायकांकडून ऐकावे.