मुतखडा गोळीने पडतो का?

(ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



प्रसादाच्या रांगेत मला हमखास विचारलं जातं, "डॉक्टर, खडा पडायची गोळी आहे का हो?" आहे. पण तिचा उपयोग कुणाला, हे आधी ऐका.

मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी नळी 25 ते 30 सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असते. खडा अडकला की लघवी वर तुंबते आणि माणूस गडाबडा लोळतो. तरी पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे तीनात दोन वेळा आपोआप पडतात. म्हणून तर कुळथाचं कढण, पानफुटी, बिअर, सगळ्यांनाच यश आलेलं आहे! शेवटी जे घेतलं, त्याला श्रेय.

आम्हा डॉक्टरांचीही अशीच फसगत होऊ शकते. त्यामुळे खऱ्या गोळीची तुलना औषध नसलेल्या गोळीशी करावी लागते. दोन औषधं होती: प्रोस्टेटसाठी देतात ते टॅमसुलोसिन आणि रक्तदाबाचं निफेडिपिन. दोन्ही नळीचे स्नायू सैल करतात. ब्रिटनमधल्या 24 रुग्णालयांत 1,167 रुग्णांवर झालेली चाचणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. चार आठवड्यांत पुढचा उपचार लागला नाही, असे रुग्ण टॅमसुलोसिनने 81 टक्के, निफेडिपिनने 80 आणि रिकाम्या गोळीनेही 80! माझ्या मते निफेडिपिनचा विषय तिथेच संपला.

मात्र त्यातले बहुतेक खडे लहान होते. शेजारच्या ऑस्ट्रेलियात नळीच्या खालच्या भागातल्या खड्यांवर 403 रुग्णांची चाचणी झाली, 2016 ची. एकूण फरक ठळक नव्हता, पण पाच ते दहा मिलिमीटरच्या खड्यांत टॅमसुलोसिनने 83 टक्के पडले, रिकाम्या गोळीने 61. चीनमध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांत मोठ्या खड्यांना असाच फायदा दिसला. अमेरिकेतल्या 512 जणांत दिसला नाही. मला यातून एवढं पटतं: लहान खड्याला गोळी नको, खडा खाली असेल आणि पाचपेक्षा मोठा असेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा.

आपल्या वयात तर विचारूनच घ्या. टॅमसुलोसिनने रात्री उठताना चक्कर येते, आणि पडून खुबा मोडला तर खडा परवडला म्हणायची वेळ येते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असेल तर ही गोळी पूर्वी कधी घेतली असली तरी नेत्रतज्ज्ञांना सांगा. बुबुळ ढिलं पडतं. कळ थांबवायला डायक्लोफेनॅक उत्तम, पण रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना ते मूत्रपिंडाला झेपत नाही. शेजाऱ्याची उरलेली गोळी घेऊ नका. आणि खडे होणाऱ्यांनी निर्जळी उपवास करू नये. पाणी पिऊन केलेली एकादशीही विठोबाला पोचते.

आता कळकळीचं. कळ आणि सोबत थंडी वाजून ताप, किंवा लघवी पूर्ण बंद, किंवा एकच मूत्रपिंड असेल, तर गोळी नाही, कढण नाही, सरळ रुग्णालय. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की ती नळी घालून काढावी लागते, आणि उशीर जिवावर बेततो. साठीनंतर अशी कळ आयुष्यात पहिल्यांदाच आली, तर खडाच आहे असं धरून चालू नका. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून फाटू लागली तरी दुखणं असंच असतं. 111 ला फोन करा.

मुलांकडे व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडील खर्चाच्या धास्तीने ताप लपवतात. त्यांना इथले उपचार सहसा मोफत नसतात, हे खरं. पण जिवावरचं दुखणं असेल तर आधी उपचार होतात, बिल नंतर येतं. येण्यापूर्वी विमा काढा, आणि जुना खडा असेल तर अर्जात लिहा.

रात्री गाडी चालवू शकणाऱ्यांनी आपलं नाव कार्यालयात द्यावं. दुखणं अॅम्ब्युलन्सचं नसलं तरी एकट्या राहणाऱ्या आजींना रात्री दोन वाजता मिडलमोरला न्यायला कुणी तरी हवं असतं.